बुल, काऊ, काफ आणि सुप्रभाताई

सुप्रभाताई निवांत बसल्या आहेत, असं दृश्य लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या मराठी मंडळींपैकी फारसं कुणी पाहिलेलं नाही. मंडळाच्या गणपतीत आरती चालू असते तेव्हा त्या मागच्या खोलीत पुऱ्यांचे डबे उघडून बघत असतात. कुणाकडे जेवायला गेल्या, तर यजमानीणबाई ताटं घ्यायच्या आत यांनी सिंकमधली भांडी विसळलेली असतात. बसल्याच कधी, तर उजवा पाय हलत राहतो आणि सोफ्यावर शेजारी बसलेल्या माणसाचा चहा बशीत सांडतो. पायाला भिंगरी लावूनच देवानं यांना पाठवलं, असं लोक म्हणत. त्या दिवशी देवालाही घाई असणार, असं पद्माकरराव म्हणत.

पद्माकरराव म्हणजे त्यांचे यजमान. दोघंही डॉक्टर, मिरजेला शिकलेले, सत्तरच्या दशकात थंडीचे कपडे उसने घेऊन इकडे आलेले. सुप्रभाताईंनी सारी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात काढली. मुळातच घाईची बाई, त्यात कामही घाईचं, त्यामुळे त्यांचं चांगलं जमलं. पद्माकरराव भूलतज्ज्ञ. पेशंटला हळूच झोपवायचं आणि तो जागा होईपर्यंत उशाशी शांत बसून राहायचं, हे त्यांचं काम, आणि स्वभावही तसाच. घरात एकानं धावायचं आणि एकानं बसायचं, अशी वाटणी चाळीस वर्षं बिनतक्रार चालली होती.

निवृत्तीनंतर सुप्रभाताईंच्या हातापायांना काही कामच उरलं नाही. त्यांनी कपाटं आवरली, शेजाऱ्यांची कपाटं आवरली, मग मंडळाचं ग्रंथालय आवरलं आणि कुणाला एकही पुस्तक सापडेना. त्याच सुमारास कॅलगरीला दिलेल्या मुलीनं, कस्तुरीनं, एक फोटो पाठवला. बर्फाळ रस्ता, आणि रस्त्याच्या मधोमध उभं असलेलं एक अवाढव्य जनावर. लांब पाय, पाठीवर उंचवटा, लोंबतं नाक. हा मूस, रोज सकाळी माझी गाडी अडवतो, असं तिनं लिहिलं होतं. पद्माकररावांनी तो फोटो फ्रिजवर लावला आणि त्या जनावराचा ध्यासच घेतला. लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली. कॅनडात ज्याला मूस म्हणतात त्यालाच युरोपात एल्क म्हणतात आणि लंडनच्या उत्तरेला तासाभरावर एका प्राणिबागेत त्यांची जोडी आहे, हेही त्यांनीच शोधून काढलं. तेव्हापासून दर शनिवारी दोघं तिथं जाऊ लागले. सुप्रभाताईंना जनावरात रस नव्हता, पण निदान कुठेतरी जायला मिळत होतं.

पहिल्याच शनिवारी कुंपणाशी उभं राहून पद्माकररावांनी त्यांना सगळं समजावून दिलं होतं. नर तो बुल, मादी ती काऊ, पिल्लू ते काफ. एवढं जंगलातलं धूड, आणि नावं सगळी गोठ्यातली. इंग्रजांना नवं जनावर दिसलं, नवी नावं शोधायचा कंटाळा आला असेल, म्हणून गाईगुरांची होती तीच देऊन टाकली, असं ते म्हणाले आणि स्वतःच हसले. शिंगं फक्त बुलला. काऊला कधीच नाही. गळ्याखाली लोंबते ती झालर दोघांनाही असते, पण बुलची मोठी. "आणि शिंगांवर फार विसंबू नकोस हं," असंही काहीतरी ते पुढे म्हणाले होते. पण तोवर सुप्रभाताई कॅफे किती वाजता बंद होतो ते विचारायला निघून गेल्या होत्या.

हे सगळं आधीचं. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात पद्माकरराव दूध आणायला गाडी घेऊन गेले आणि बसनं परत आले. गाडी चोरीला गेली, असं त्यांचं म्हणणं. गाडी कॅनन्स पार्क स्टेशनबाहेर व्यवस्थित लावलेली सापडली. वय झालं, असं म्हणून सुप्रभाताई हसल्या. सप्टेंबरात पद्माकररावांनी इलेक्ट्रिकची किटली गॅसवर ठेवली. प्लास्टिक वितळून घरभर धूर झाला, शेजारचे लोक धावत आले. सुप्रभाताईंनी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, की मीच ठेवली हो घाईगडबडीत. सगळ्यांना ते लगेच पटलं. त्यांची घाई साऱ्या गल्लीला माहीत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांच्या उपयोगी पडली.

मग ते अंगवळणीच पडलं. पद्माकररावांना विचारलेला प्रश्न त्यांच्या कानात शिरायच्या आत सुप्रभाताईंचं उत्तर बाहेर पडायचं. फोनवर कस्तुरीनं बाबांना दे म्हटलं, की बाबा नेमके अंघोळीला गेलेले असायचे. पद्माकरराव समोरच खुर्चीत बसून फ्रिजवरच्या फोटोकडे बघत असायचे. पूर्वी नवऱ्याला तोंड उघडू देत नाही म्हणून बायका त्यांची चेष्टा करायच्या. आताही करायच्या, आणि सुप्रभाताई त्या चेष्टेच्या आड बिनधास्त लपायच्या.

पण फ्लूची लस घ्यायला गेल्यावर पद्माकररावांनी जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरला, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. जीपी तरुण होता, पण डोळे उघडे ठेवणारा होता. त्यानं विसराळूपणाची तपासणी करणाऱ्या मेमरी क्लिनिकची तारीख घेऊन दिली, जानेवारीअखेरची.

सुप्रभाताई घाबरल्या. भीतीशी आजवर त्यांची गाठ पडली होती ती दुसऱ्या बायकांच्या बाळंतपणात, आणि तिथं दोन हात चालवले की भीती पळायची. इथं हातांना करायला काही नव्हतं. एकदा त्या आजाराचं नाव कागदावर पडलं, की गाडीच्या किल्ल्या जाणार, कस्तुरी पहिल्या विमानानं येऊन थडकणार, चार ओळखीचे लोक पद्माकररावांशी लहान मुलाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलणार. दुसरं टोकही त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरच त्या. आजार लवकर हेरला तर गोळ्या मिळतात, वर्ष-दोन वर्षं तरी पाय रोवून उभं राहता येतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तपासणीत पकडले गेले तरच औषध मिळणार होतं, आणि ते पकडले जाणं त्यांना नको होतं. या दोन टोकांमध्ये त्या दिवसभर घरात येरझारा घालत. जिन्यावरचा गालिचा झाडून झाला, की पुन्हा झाडायला घेत.

शेवटी त्यांनी तेच केलं जे आपल्याकडची कुठलीही आई परीक्षा जवळ आल्यावर करते. शिकवणी सुरू केली.

कस्तुरीला इलेव्हन प्लसला, चांगल्या शाळेच्या प्रवेश परीक्षेला, बसवलं तेव्हा त्यांनी असंच केलं होतं. आधी पेपरात काय येतं ते काढायचं, मग तेवढंच घोटून घ्यायचं. वृद्धांच्या वॉर्डात अनेक वर्षं काढलेली शशी म्हणून त्यांची जुनी मैत्रीण हॅरोला राहायची. तिला त्यांनी सहज म्हणून फोन केला. आजची तारीख, ऋतू, पंतप्रधानांचं नाव, एक पत्ता लक्षात ठेवून थोड्या वेळानं परत सांगायचा, घड्याळाचं चित्र काढायचं, आणि मिनिटभरात जमतील तितकी प्राण्यांची नावं सांगायची, असं असतं म्हणे. हे कशाला हवंय तुला, असं शशीनं विचारलं. मंडळात हेल्थ टॉक ठेवलाय, असं सांगून सुप्रभाताईंनी फोन ठेवून दिला.

झालं. सकाळच्या चहाबरोबर तारीख आणि वार. दुपारी घड्याळ, दहा वाजून दहा मिनिटं. जेवताना प्राणी. प्राण्यांची सुरुवात कुठून करायची हेही त्यांनी ठरवून टाकलं. मूसपासून, म्हणजे एका दमात तीन नावं पदरात पडतात: बुल, काऊ, काफ. मग घोड्याचं कुटुंब, मग मेंढीचं. पद्माकरराव निमूटपणे म्हणत. अडले की सुप्रभाताई टेबलावर बोट आपटत. जमलं की पुढच्या प्राण्याकडे वळत. घासाला आमटी लागलीय की नाही, हेही कधी कधी त्या माणसाला कळत नसेल. एकदा यादी न अडखळता म्हणून झाल्यावर पद्माकररावांनी विचारलं, "झालं का समाधान?" सुप्रभाताईंना ते नीट ऐकूही आलं नाही. त्या मेंढीच्या पिल्लाचं नाव राहिलं म्हणून वैतागल्या होत्या.

तपासणीच्या आधीच्या शनिवारी दोघं प्राणिबागेत गेले. गाडी सुप्रभाताईंनी चालवली. तुमच्या खांद्याला थंडी बाधते, असं कारण त्यांनी नोव्हेंबरापासून लावून ठेवलं होतं. त्यांच्या दृष्टीनं ही सहल नव्हती, उजळणी होती. कुंपणापलीकडे, चिखलात, मूसची जोडी उभी होती. एक जरा जवळ, एक लांब झाडाखाली. कुणाच्याच डोक्यावर शिंगं नव्हती.

सुप्रभाताईंनी जवळच्या जनावराकडे बोट केलं आणि हे काय, असं विचारलं. पद्माकररावांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, बुल.

सुप्रभाताईंनी बोट तसंच धरून ठेवलं. इतके आठवडे घोटलेलं, आणि पहिलंच उत्तर चुकलं. शिंगं आहेत का डोक्यावर, असं त्यांनी विचारलं. नाहीत, असं पद्माकरराव म्हणाले. मग शिंगं नसलेली कोण?

"तोंड बघ त्याचं," पद्माकरराव म्हणाले.

"अहो, तोंड काय बघायचंय त्यात? हॉर्न्स नाहीत म्हणजे फीमेल, इट्स दॅट सिंपल. तुम्हीच सांगितलं होतंत ना मला? नीट आठवा."

त्यांचा आवाज चढला होता. शेजारी ढकलगाडीत मूल घेऊन उभी असलेली बाई थोडी लांब सरकली. पद्माकररावांनी एकदा त्या जनावराकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग त्यांनी मान खाली घातली. "बरं," ते म्हणाले. "काऊ."

तेवढ्यात चाऱ्याची ढकलगाडी घेऊन कीपर आली. हिलरी तिचं नाव, ती या दोघांना ओळखायची. तिनं सहज म्हणून बातमी दिली. म्हातारबुवांची दोन्ही शिंगं ख्रिसमसनंतर गळाली, आता बिचारा ओळखूही येत नाही. दर हिवाळ्यात बुलची शिंगं गळतात, वसंतात पुन्हा उगवतात. मग नवख्या माणसानं ओळखायचं कसं? तर तोंड बघायचं. बुलचं तोंड काळपट, काऊचं तांबूस. आणि काऊच्या शेपटीखाली पांढरट ठिपका असतो, तो याला नाही. हिलरी हसत पुढे म्हणाली, की हे मला पुस्तकाआधी तुमच्या यजमानांनीच सांगितलं होतं, मी इथं नवी लागले तेव्हा.

सुप्रभाताईंना शरमेनं कुठं तोंड लपवावं असं झालं. बरोबर उत्तर दिलेल्या माणसाला त्यांनी डाफरून चूक उत्तर द्यायला लावलं होतं. पण ती शरम फार तर चाऱ्याची ढकलगाडी वळणावर जाईपर्यंत टिकली. तिच्या जागी भलतीच आशा उसळून आली. यांना आठवतंय! इतकं बारीक आठवतंय, मग यांना काहीच झालेलं नाही. त्यांनी पद्माकररावांचा हात धरला आणि जवळजवळ पळतच कॅफेत नेलं, मोठा केक मागवला, आणि तोंडभर कौतुक करत राहिल्या. पद्माकररावांनी शांतपणे केक खाल्ला. मग दाराकडे बघून म्हणाले, कस्तुरीची शाळा सुटायची वेळ झाली ना? सुप्रभाताई मोठ्यानं हसल्या आणि पर्समधून रुमाल काढून केकचे कण टिपत बसल्या. टिपण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी टिपत राहिल्या.

क्लिनिकची खोली छोटी होती. डॉक्टर तरुण मुलगी होती, सावळीशी, मृदू आवाजाची. तिनं पद्माकररावांना समोर बसवलं आणि सुप्रभाताईंना मागे, भिंतीशी. सुप्रभाताईंचा पाय लगेच सुरू झाला. तारीख बरोबर आली. वार बरोबर आला. पंतप्रधान जुने आले, पण मागून सुप्रभाताई खाकरल्या आणि ते सुधारले. घड्याळ झकास. पत्ता मात्र पार पुसला गेला. रस्त्याचं नाव नाही, गावाचं नाही, काही नाही. डॉक्टर मुलीनं काहीतरी टिपून घेतलं. मग ती म्हणाली, आता एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगा.

"बुल, काऊ, काफ," पद्माकरराव म्हणाले. कशाचे, असं तिनं हसून विचारलं. मूसचे, तुम्ही लोक एल्क म्हणता. मग घोडा, घोडी, शिंगरू. मेंढा, मेंढी. आणि तिथं गाडी अडली. पद्माकररावांनी मान वळवून मागे पाहिलं.

सुप्रभाताईंचे ओठ आपोआप हलले. आवाज नव्हता, पण ओठांवर 'लॅम' स्पष्ट दिसत होतं. डॉक्टर मुलीनंही ते पाहिलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, थोडा वेळ बाहेर बसता का? किती सासवांना, किती आयांना सुप्रभाताईंनी नेमक्या याच आवाजात वॉर्डाबाहेर काढलं होतं. त्या उठल्या. कान गरम झाले होते. पर्सचा पट्टा खुर्चीत अडकला, तो त्या ओढू लागल्या. तेवढ्यात पद्माकररावांनी हात लांब करून त्यांचं मनगट पकडलं.

"राहू द्या तिला," ते डॉक्टरला इंग्रजीत म्हणाले. "परीक्षा तिचीच आहे. मी फक्त बसलोय."

डॉक्टरनं होकारार्थी मान हलवली. पद्माकरराव थांबत थांबत, शब्द शोधत सांगू लागले. आपल्याला काय होतंय ते केव्हापासून माहीत आहे. गाडी चोरीला गेली नव्हती, किटलीही हिनं ठेवली नव्हती. ही पाठ करून घेते, मी करतो. निदान तेवढा वेळ तरी ती एका जागी बसते. मी भूलतज्ज्ञ होतो. रोज माणसांना मी आकडे उलटे मोजायला सांगायचो. शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मोजता मोजता माणूस थांबतो. आता माझे आकडे उलटे चाललेत, एवढंच.

इथं ते अडखळले. पुढचं वाक्य सापडेना. मग बायकोकडे वळून, मराठीत म्हणाले, "त्या वेळी पेशंटला कुणी उत्तरं सांगत नाही, सुप्रभा. कुणी हात धरून बसलं, तर तो घाबरत नाही."

सुप्रभाताई बसल्या. भिंतीशी नाही, खुर्ची ओढून नवऱ्याशेजारी. उजवा पाय थांबला होता. डॉक्टर मुलीनं घरी काय काय होतं असं विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. गाडी, किटली, फोन आल्यावरच्या खोट्या अंघोळी, खांद्याला बाधणारी थंडी. सांगताना त्या रडल्या आणि डोळे पुसायला त्यांनी नवऱ्याचा हात सोडला नाही. गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या. संध्याकाळी त्यांनी कस्तुरीला फोन लावला आणि फोन बाबांच्या हातात दिला.

शनिवार चुकले नाहीत. एप्रिलात दोघं कुंपणाशी बाकावर बसले होते. जवळच्या जनावराच्या डोक्यावर दोन लवदार, मऊ कोंब वर आले होते. पद्माकररावांनी विचारलं, हे काय? बुल, असं सुप्रभाताईंनी सांगितलं. आणि ती पलीकडची? काऊ. तिचं पोट बघा, मेमध्ये काफ होणार म्हणतात. पद्माकररावांनी मान डोलावली. वाऱ्यानं त्यांच्या गळ्यातला मफलर सुटला, तो सुप्रभाताईंनी नीट केला. थोड्या वेळानं पद्माकररावांनी पुन्हा विचारलं, हे काय? बुल. आणि ती? ती काऊ.

"तुला पुष्कळ माहिती आहे," पद्माकरराव कौतुकानं म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत," सुप्रभाताई म्हणाल्या. कॅफे बंद व्हायची वेळ झाली होती, पण त्या उठल्या नाहीत.